पिल्लू बेडकासारखं पसरलंय? औषध राहू द्या, आधी खालची फरशी बदला

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलाय. थोडक्यात असा: गावठी कुत्रीला तीन पिल्लं झाली. दोन चालायला लागली. तिसरं सगळ्यांत जाड, १९ दिवसांचं झालं तरी पोटावरच आहे. मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, पुढचेही थोडे. बेडकासारखं सरपटतं, छाती चपटी वाटते. दूध मात्र जोरात पितं. कुत्री व्याली ती घरातल्या नव्या टाइल्सवर आणि पिल्लं अजून तिथंच आहेत. गावात कोणी पोलिओ म्हणतं, कोणी कॅल्शियम पाजा म्हणतं, एकानं तर नाल्यावर सोडून यायला सांगितलं. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. वर्णन जसंच्या तसं खरं असेल तर हे 'स्विमर पपी' आहे, म्हणजे पोहल्यासारखे पाय मारणारं पिल्लू. पोलिओ हा माणसाचा आजार, कुत्र्याला तो होत नाही. कॅल्शियमचाही इथे संबंध नाही. पाय आत ओढून धरणारे मांडीचे स्नायू वेळेवर जोर धरत नाहीत, त्यात पिल्लू वजनदार आणि खाली गुळगुळीत जमीन. प्रत्येक वेळी उठायला गेलं की पाय बाहेर सटकतात, आणि शरीर तीच सवय पक्की करतं. मूळ कारण एकच एक असं सिद्ध झालेलं नाही. आखूड पायांच्या जातींत हे जास्त दिसतं, पण जाडजूड गावठी पिल्लातही होतं. चौथ्या आठवड्याच्या आत हात घातला तर बहुतेक पिल्लं चालतात. तुमच्याकडे १९ वा दिवस आहे, म्हणजे वेळ आहे, पण 'पाहू पुढच्या सोमवारी' एवढी नाही.

काय कधी व्हायला हवं, ते आधी बघा. डोळे साधारण १० ते १४ व्या दिवशी उघडतात. पुढच्या पायांवर भार पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून पडू लागतो, मागच्यांवर दुसऱ्या आठवड्यात. तीन आठवड्यांचं पिल्लू डुलत का होईना, चार पावलं टाकतं. १६ व्या दिवशी एखादं पिल्लू भावंडांपेक्षा मागे दिसलं तर घाबरायचं कारण नाही. १९ व्या दिवशीही पोट जमिनीलाच असेल तर कामाला लागायचं.

पण आधी हे खरंच तेच आहे ना, याची खात्री करा. पाच मिनिटांचं काम आहे. पिल्लाला कुशीवर आडवं करा आणि मागचे दोन्ही पाय हळूच पोटाखाली आणा. स्विमर पिल्लाचे पाय सैल असतात, सहज आत येतात, दुखत नाही, सोडले की पुन्हा फाकतात. मग पायाच्या बोटाला नखाजवळ हलका चिमटा घ्या. पाय ओढून घेतला तर संवेदना शाबूत आहे. पाय ओढलाच नाही, एकच पाय लुळा आहे, हात लावताच पिल्लू किंचाळतं किंवा पाठीवर उंचवटा किंवा खळगा लागतो, तर मार, मोडलेलं हाड किंवा मणक्याचा दोष धरून चाला. गोठ्यात शेळीचा पाय पडणं ही रोजची गोष्ट आहे. त्याच वेळी तोंड उघडून टाळू बघा. टाळूला फट असेल आणि दूध नाकातून येत असेल तर तो वेगळाच प्रश्न.

एक आजार इथे मुद्दाम सांगतो, कारण गायीगुरांच्या गावात तो विसरून चालत नाही. पिल्लू आधी नीट चालत होतं आणि तीन ते नऊ आठवड्यांच्या वयात मागचे पाय लाकडासारखे ताठ होत गेले, वाकवू गेलं तरी वाकत नाहीत, मांड्या सुकत चालल्या, तर निओस्पोराचा संशय घ्यायचा. हा एक सूक्ष्म परजीवी आहे. गाय व्याल्यावर पडलेला जार किंवा गाभडलेलं वासरू कुत्रीनं खाल्लं तर तो तिच्या शरीरात जाऊ शकतो आणि गाभण कुत्रीकडून पोटातल्या पिल्लांना मिळतो. त्यावर पट्टी बांधून उपयोग नाही. पशुवैद्यकाकडे लगेच न्यायचं, कारण एकदा पाय आखडले की परत सुटत नाहीत. जार खोल पुरायचा, कुत्र्यांपुढे टाकायचा नाही. हा परजीवी गाईच्या गाभडण्याचंही एक कारण आहे, म्हणजे जार पुरण्यात फायदा गोठ्याचाच.

आता तुमच्या पिल्लाकडे. आजच, संध्याकाळच्या आत, ते टाइल्सवरून उचला. बाकी सगळं केलं आणि हे राहिलं तर काही हाती लागणार नाही. शेणानं सारवलेली, पूर्ण वाळलेली जमीन टाइल्सपेक्षा कितीतरी बरी, पण पावसाळ्यात ती ओलसर राहते आणि पोटाची कातडी खराब होते. सगळ्यांत सोपं म्हणजे तागाचं जुनं पोतं. धुऊन वाळवा, फळीवर ताणून पसरा आणि कडा विटांखाली दाबा. ताणणं महत्त्वाचं, सुरकुतीत पिल्लाचा पाय अडकतो. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या नकोत, त्या टाइल्सइतक्याच घसरतात. काथ्याचं पायपुसणंही नको, पाय धरतं पण पोट सोलवटतं. गोठ्यात वापरतात ती खडबडीत रबरी मॅट मिळाली तर उत्तम, वर एक पातळ सुती कापड घट्ट बसवा. गोधडी मऊ असते, पण पिल्लू तीत रुततं आणि पाय टेकायला काही लागत नाही, म्हणून गोधडी झोपण्यापुरतीच. पोत्याच्या धाग्यात नखं अडकतात, तेव्हा नखांची फक्त पांढरी टोकं कापून टाका.

पोत्याखालून ऊब हवी का, हे ऋतूवर. तिसऱ्या आठवड्यात आजूबाजूला साधारण २६ ते २९ अंश पुरतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे नको तेव्हा पिल्लाला बाजूला सरकता येईल. हे पिल्लू भावंडांसारखं पटकन सरकू शकत नाही, म्हणून चटका त्यालाच आधी बसतो. बल्बवर भिस्त ठेवू नका, लाईन गेली की खोका थंड पडतो. पऱ्हाटीच्या शेकोटीजवळही ठेवू नका, धूर फुप्फुसात जातो. मे महिन्यात उलटी गत, टिनाच्या छपराखाली दुपारी भट्टी होते. तेव्हा खोका निंबाखाली किंवा मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवा.

आता पायांची पट्टी. मागचे दोन पाय एकमेकांपासून ठरावीक अंतरापलीकडे जाऊ नयेत एवढंच तिचं काम. पाय जखडायचे नाहीत. सामान: अर्धा इंच रुंदीची कागदी किंवा कापडी चिकटपट्टी (मेडिकलमधली मायक्रोपोर चालते), जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या मऊ कापडाचे दोन तुकडे आणि बोथट टोकाची कात्री. शेतातला कच्चा कापूस वापरू नका, त्यातली सरकी आणि कचरा टोचतो. पिल्लाचं दूध पिऊन झालेलं असावं, म्हणजे ते शांत राहतं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं.

पिल्लाला पोटाखाली हात देऊन उभं धरा आणि मागचे पाय सरळ खुब्याखाली आणा. तेव्हा दोन पायांत जेवढं अंतर दिसतं, तेवढंच पट्टीचं अंतर. किलो-सव्वा किलोच्या पिल्लात ते ४ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे तीनेक बोटं भरतं. जागा: मागच्या पायाला टाचेसारखा मागे निघालेला जो सांधा असतो, त्याच्या लगेच वर, नळीवर. तिथं बांधलं की पट्टी त्या सांध्यावर अडते, खाली घसरत नाही. आधी प्रत्येक पायाला कापडाचा एकच वेढा द्या. त्यावरून चिकटपट्टीचा एक सैल वेढा उजव्या पायाला, तिथून पट्टी डाव्या पायाकडे न्या, त्यालाही एक वेढा, आणि परत उजवीकडे आणा. मधल्या पुलावर पट्टीची चिकट बाजू चिकट बाजूवर बसवा, म्हणजे पूल कोरडा राहील आणि त्याला केस-कचरा चिकटणार नाही. वरून बघितलं तर आडवा पडलेला इंग्रजी 8 चा आकडा दिसतो. वेढ्याखालून आगपेटीची काडी सहज सरकली पाहिजे. सरकली नाही तर काढा आणि परत बांधा.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. केसांचा रबर, सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुतळी, लोकरीचा धागा यातलं काहीही नको. रबर दिसायला सैल असतं पण सतत ओढ देतं, रात्रीतून कातडीत रुततं आणि पाय सुजतो. ताणल्यावर स्वतःला चिकटणारी पट्टीही याच कारणानं नवख्यानं वापरू नये. बांधल्यावर १५ मिनिटांनी, मग पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी पावलं बघा. मधली दोन नखं एकमेकांपासून दूर गेलेली दिसली तर पावलाला सूज येतेय. तळवे गार किंवा जांभळे झाले तर पट्टी तिथंच कापा, सकाळची वाट बघू नका. पट्टी दर दोन-तीन दिवसांनी नवी बांधायची, कारण या वयात पिल्लू झपाट्यानं वाढतं आणि मंगळवारची सैल पट्टी शुक्रवारी आवळते. काढताना ओढू नका, कडेला खोबरेल तेल लावून भिजू द्या आणि कापा.

आई पट्टी चाटते, कधी ओढून काढते. पहिला अर्धा तास पिल्लू तिच्यापासून दूर ठेवा, भावंडांच्या कापडानं पुसून मग तिच्याकडे द्या, आणि ती खेचत नाही ना, ते जवळ बसून बघा. पुढच्या पायांना मात्र घरी पट्टी बांधू नका. पुढचे पाय बांधलेलं पिल्लू तोल गेला की तोंडावरच पडतं. मागचे पाय आत आले की पुढचे बहुतेक आपोआप सावरतात. चार-पाच दिवसांत नाही सावरले तर ती पट्टी पशुवैद्यकाच्या हातूनच बांधून घ्या.

नुसती पट्टी बांधून बसलात तर पिल्लू पाय जोडून पोटावर पडेल, एवढंच. स्नायूंना काम द्यावं लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं. एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं, पिल्लू थकत नाही. कुशीवर आडवं करा, एका हातानं खुबा धरा, दुसऱ्यानं पाय सायकल मारल्यासारखा पुढे-मागे फिरवा, दहा-पंधरा वेळा, मग दुसरा. जिथं अडेल तिथं थांबा, जोर लावू नका. नंतर मऊ टूथब्रश तळव्यांवर फिरवा. पिल्लू पाय झटकतं, तोच व्यायाम. शेवटी पोटाखाली हात देऊन चारही पाय अंगाखाली आणा, पोत्यावर टेकवा आणि हाताचा आधार किंचित कमी करा, पाच ते दहा सेकंद. गुडघे थरथरले की उचला. असं सहा-सात वेळा. बाळाच्या मालिशीची सवय असलेल्या घरात लगेच तेल पुढे येतं. तेलानं बिघडत नाही, पण तळव्यांना लागलं तर पिल्लू पोत्यावरसुद्धा घसरतं, आणि आई सगळं चाटून काढते ते वेगळंच. कोरड्या हातानं चोळलेलं बरं.

हा व्यायाम दूध पाजण्याच्या आधी करा. भुकेलं पिल्लू आईकडे जायला जो जोर लावतं, तो तुम्ही कितीही हलवलंत तरी येत नाही. आई कुशीवर पडली की पिल्लाला तिच्यापासून हातभर अंतरावर पोत्यावर ठेवा आणि शेपटीच्या मुळाशी बोटाचा आधार द्या. दोन मिनिटं धडपडू द्या, मग उचलून आचळाला लावा. दमवून रडवायचं नाही.

झोप ही यातली विसरली जाणारी बाजू. पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ झोपतं, आणि पोटावर झोपलं की तेवढा वेळ छाती दाबली जाते. फासळ्या अजून मऊ असतात, म्हणूनच छाती चपटी होते आणि श्वासाला जागा कमी पडते. झोपलं की कुशीवर करा, पाठीशी गुंडाळलेला टॉवेल लावा, दर दोन तासांनी कूस बदला. छाती थोडी चपटी असेल तर पाय सुधारले की तीही बरीचशी भरून येते. छातीच्या मधोमध खळगा पडला असेल, पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा हिरड्या निळसर असतील तर घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्यकाकडे न्या. छातीला आवळून कापड बांधण्याची आयडिया लोक सुचवतात. ती नको, आधीच अडणारा श्वास आणखी अडतो.

तुमचं पिल्लू सगळ्यांत जाड आहे, हाही धागा सोडू नका. उपाशी ठेवायचं नाही, पण वरचं दूध पूर्ण बंद करा. आईला दूध आहे, भावंडं धष्टपुष्ट आहेत, मग बाटलीची गरजच नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. गावठी कुत्रं मोठं झाल्यावर साधारण १८ किलोचं होणार असं धरलं तर रोज ३६ ते ७२ ग्रॅम वाढ ठीक. त्याहून जास्त वाढत असेल तर प्रत्येक वेळी पाजण्याचा वेळ थोडा कमी करा आणि मागच्या, जास्त दुधाच्या आचळांऐवजी पुढच्यांना लावा. पिताना छाती थोडी उंच राहील असं कापड खाली द्या. पिऊन झाल्यावर दहा मिनिटं उभं धरा. सपाट पडलेलं पिल्लू दूध उलटून काढतं आणि ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पायांपेक्षा ही पिल्लं त्यानंच जास्त दगावतात. बाळासारखं उताणं धरून पाजणं हे तर कधीच नको.

पोट आणि मांड्यांच्या आत लघवी लागून लाल होतं, मग कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं दिवसातून तीन-चारदा पुसा, कोरडं करा, व्हॅसलीनचा पातळ थर द्या. फिनाईलनं पुसलेल्या जमिनीवर पिल्लू ठेवू नका, ते पोटाची कातडी जाळतं आणि चाटण्यातून आत जातं. शी अडली असेल तर ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळू चोळा, आई चाटते तसं. पिसवा आणि गोचीड चिमट्यानं वेचून काढा. गुरांवर फवारायचं गोचिडाचं औषध या वयाच्या पिल्लाला, किंवा दूध पाजणाऱ्या आईच्या अंगाला, लावायचं नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून लागतं, कारण गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. मात्रा वजनावर ठरते, दवाखान्यातून लिहून घ्या.

कॅल्शियमचं राहिलं. १९ दिवसांच्या, आईचं दूध भरपूर पिणाऱ्या पिल्लाला त्याची कमतरता नसते. नुसत्या मांसावर किंवा नुसत्या भाकरीवर वाढवलेल्या मोठ्या पिल्लात हाडं वाकतात, ती गोष्ट वेगळी. लहान वयात जास्तीचं कॅल्शियम उलट हाडं बिघडवतं. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही एवढ्या जिवाला विष आहे. शिवाय या पिल्लाला दुखतच नाही, मग गोळी कशाला? आईकडे मात्र लक्ष ठेवा. व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ती धापा टाकू लागली, थरथरली, पाय ताठ करून चालू लागली तर तिच्या रक्तातलं कॅल्शियम घटलंय. ती त्याच तासात दवाखान्यात नेण्याची गोष्ट आहे.

सुधारणा कशी दिसते? तीन-चार दिवसांत झोपेत मागचे पाय अंगाखाली राहू लागतात. सात ते दहा दिवसांत पिल्लू बसतं आणि मागचा भाग क्षणभर उचलतं. दोन-तीन आठवड्यांत चालतं, आधी सशासारखं दोन्ही पाय एकदम टाकत. आठवडाभर मनापासून करूनही काहीच फरक नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. एक्स-रेची गरज पडली तर नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, आधी फोन करून जा. पिल्लू खोक्यात पोत्यावर न्या, उन्हाळ्यात पहाटे निघा. प्रवास लांबचा असेल तर आईलाही सोबत घ्या.

पिल्लू आधाराशिवाय दहा-बारा पावलं टाकू लागलं की पट्टी एकदम काढून टाकू नका. पहिले दोन दिवस व्यायामाच्या वेळी काढा, मग दिवसभर काढून फक्त रात्री ठेवा. पाय फाकत नाहीत असं सलग तीन दिवस दिसलं की बंद. टाइल्सच्या खोलीत मात्र दोन महिन्यांचं होईपर्यंत नेऊ नका. सारवलेलं अंगण, त्यावर थोडं कुटार पसरलेलं, तिथंच भावंडांबरोबर हुंदडू द्या. हा दोष वंशात उतरतो असं पक्कं सिद्ध नाही, तरी मोठं झाल्यावर याच्यापासून पिल्लं घेऊ नयेत. नसबंदीच्या वेळी आईचीही करून घेतली तर दोन कामं एका खेपेत होतील.